बाजूला काढलेली वाटी

एकदा एका आडगावात मिशनचा एक दवाखाना होता. डॉक्टर आठवड्यातून एखाद्या दिवशी फिरकायचे. बाकी सारा भार सलोमी नावाच्या एकट्या नर्सवर. मागच्या खोलीत निवृत्त पाळक शांतवन राहत. वय झालं होतं, पण रिकामं बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. उन्हातून चालत येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला ते औषधाआधी पेलाभर ताक देत. सलोमीला लहानपणी प्रार्थना शिकवली ती त्यांनीच.

एका उन्हाळ्यात ही सलोमी त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, मी हे काम सोडतेय. त्या सकाळी ठकूआजीच्या हाताची जखम धुताना म्हातारीनं कळ येऊन हात मागे घेतला, तर सलोमी सगळ्यांदेखत तिच्यावर खेकसली होती. आजी मुकाट्यानं पट्टी बांधून घेऊन निघून गेली. हल्ली रोज असंच होतं, दारात माणूस दिसला की डोक्यात तिडीक जाते, माझ्यातली माया आटली आहे, असं तिनं सांगितलं. पाळकसाहेबांनी एवढंच विचारलं, पहाटेची प्रार्थना होते का? त्यावर ती फणकारली. उजाडायच्या आत ओट्यावर माणसं येऊन बसतात, गुडघे टेकायला वेळ कुठाय? आणि सेवा हीच प्रार्थना, हे तुम्हीच सांगत आलात ना!

दुसरा कुणी असता तर इथं प्रवचनाला बसला असता. पाळकसाहेबांनी दह्याचं मडकं तिच्या हातात दिलं. सोडण्याचं उद्या सकाळी बघू, आज ताक तू कर आणि तूच वाट, म्हणाले. घुसळण्याआधी ते स्वतः रोज एक वाटी दही विरजणासाठी फडताळात काढून ठेवत. त्या दिवशी त्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

सलोमीनं होतं नव्हतं तेवढं दही घुसळलं. गर्दी मोठी होती. शेवटी एक वाटसरू आला तेव्हा तिनं मडकं विसळून तेही त्याच्या पेल्यात ओतलं. पाळकसाहेब जवळच बसून बघत होते. “दे, सगळं दे,” एवढंच म्हणाले.

दिवेलागणीला त्यांनी तिला दही लावायला सांगितलं. तिनं दूध कोमट केलं, फडताळ उघडलं, आणि तिथं वाटी नव्हती. शेजारून आणावं, तर दिवे लागल्यावर त्या गावात कुणी विरजण देत नसे. पाळकसाहेब म्हणाले, दूध ताजं आहे, ऊबही बेताची आहे, ठेव झाकून. विरजणाशिवाय दही लागेल होय, असं पुटपुटत तिनं मडकं झाकलं. म्हाताऱ्याला भ्रम झाला की काय, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

सकाळी झाकण काढलं तर आंबूस भपकारा आला. दूध नासलं होतं. ओट्यावर तहानलेली माणसं बसली होती आणि त्यांना द्यायला काही नव्हतं. सलोमीचा पारा चढला.

“तुम्हाला दिसत होतं सगळं. मला अडवलं का नाही?”

“काल तू दिलंस त्यात खोट नाही,” पाळकसाहेब म्हणाले. “आणि सेवा ही प्रार्थना आहे, हेही खरंच. पण पोरी, दूध तेवढं आपलं असतं. तुझे हात, तुझं शिक्षण, तुझे कष्ट, हे सगळं दूध. विरजण मागूनच आणावं लागतं. प्रभूपाशी बसून ते रोज घ्यायचं, आणि वाटप सुरू होण्याआधी बाजूला ठेवायचं. तू दिवसामागून दिवस वाटत राहिलीस आणि घेणं सोडलंस. माया आटली म्हणतेस, ती आटलेली नाही. दूध नासलंय, आणि त्याचा वास पहिल्यांदा ठकूआजीला आला.”

सलोमीनं नासलेलं दूध ओतून दिलं आणि मडकं घासून पालथं घातलं. तिनं विचारलं, “मग आता काय करू?”

“वाटी घे आणि मागायला जा. विरजण मागायला कुणी लाजत नाही.”

गावात दुभती जनावरं बऱ्याच घरी होती, पण सलोमी ठरवून ठकूआजीच्याच दारात गेली. “आजी, काल मी चुकले,” म्हणाली.

“चुकलीस खरी,” आजी म्हणाली, आणि पट्टी बांधलेल्या हातानंच तिनं दही काढलं. “वाटी नीट धर.”

दुसऱ्या दिवशी पहाटे दवाखान्याची कडी वाजली. पट्टी बदलायला ठकूआजी सर्वांआधी आली होती. सलोमी आत गुडघे टेकून बसली होती. हात तसेच जोडलेले ठेवून तिनं सांगितलं, “बसा आजी, आलेच. आधी वाटी बाजूला काढते.”

आजीला वाटलं, पोर दह्याचं बोलतेय. ती ओट्यावर निवांत टेकली. थोड्या वेळानं दार उघडलं, आणि त्या दिवशी जखम धुताना आजीनं हात मागे घेतला तेव्हा सलोमी थांबली, फुंकर घातली, आणि मग पुन्हा हात पुढे केला.