शेजारच्या सीलचं तेल

अवजारं अजून माणसांशी बोलायची, तेव्हाची गोष्ट. शिरपाअण्णांच्या जुन्या ट्रॅक्टरच्या पोटात एक क्लच प्लेट होती. मागं जोडलेलं मळणीयंत्र फिरायचं ते तिच्या जोरावर. तिच्या शेजारी तेल अडवणारं रबरी सील राहायचं. दोघं बरोबरच म्हातारी झाली.

एका सुगीत सील चिरलं आणि तेल ठिबकून प्लेटवर पडू लागलं.

"कुणाला सांगू नकोस बाई," सील रडवेलं होऊन म्हणालं. "मला उकिरड्यावर टाकतील."

"नाही सांगायची," प्लेट म्हणाली.

तेलानं ती घसरायला लागली. कणसं घातली की मळणीयंत्र अडायचं. मिस्त्री आला.

"का गं घसरतेस?" त्यानं प्लेटला विचारलं.

"वय झालं, दुसरं काय!"

मिस्त्रीनं बोल्ट आवळले. ती पुन्हा घसरली, त्यानं पुन्हा आवळले.

"कामचुकार झालीय ही," अण्णा वैतागून म्हणाले. प्लेटनं तेही ऐकून घेतलं. घसरता घसरता ती तापत गेली आणि एका दुपारी जळका वास खळ्याभर पसरला.

मिस्त्रीनं ट्रॅक्टर उघडला. काळी पडलेली प्लेट उकिरड्यावर गेली, तिच्या जागी नवी बसली. प्लेटचं वयच झालं होतं म्हटल्यावर सील कुणी तपासलंच नाही.

सगळे गेल्यावर सील जुन्या प्लेटच्या आठवणीनं हुंदके देऊन रडलं. रडता रडता नव्या प्लेटवर तेलाचा एक थेंब पडला.

"हे काय?" तिनं विचारलं.

"कुणाला सांगू नकोस बाई," सील म्हणालं.