गंधर्वनगर

एका राज्यात मिठाचे एवढे मोठे मैदान होते की एका काठावर उभे राहिले तर दुसरा काठ दिसत नसे. भर दुपारी त्या मैदानावर एक नगर उभे राही. पाहता पाहता त्याच्या मनोऱ्यांची झाडे होत, झाडांचे हत्ती होत, हत्तींच्या जागी ओळखीचे चेहरे दिसत. धूम्रकेश नावाच्या जादूगाराने आपला खजिना राखायला ही माया घातली होती. तिच्यामागे जो चालत जाई, तो मिठाचा पुतळा होई.

या दिसण्याला तिथले लोक गंधर्वनगर म्हणत. जे दिसते, बदलते आणि मुळात नसते, ते गंधर्वनगर. मिठागरात रिवाज असा की ज्याला ते आधी दिसेल त्याने हा शब्द मोठ्याने म्हणायचा. मग चित्र विरून जाई आणि माणसे पुन्हा मीठ ओढू लागत.

एका वर्षी राजा सारंगदेव तापाने गेला. धाकटा भाऊ निंबदेव गादीवर बसला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तो मैदानाकडे गेला, तर समोर सारंगदेव उभा, खांद्यावर तोच निळा शेला. तेवढ्यात एका मजुराने रिवाजाप्रमाणे शब्द उच्चारला आणि भाऊ विरला. निंबदेवाने तिथल्या तिथे हुकूम सोडला: हा शब्द जो उच्चारील, तो हद्दपार.

महिन्याभरात सतरा माणसे मैदानात चालत गेली. त्यांना थांबवायला कोणी तोंड उघडले नाही.

मग मिठागराची मुकादमीण साळूबाई दरबारात आली.

"महाराज, तुमचे बंधू तापाने गेले. माझी लेक तुमच्या हुकमाने गेली."

राजाची मान खाली गेली. हुकूम मागे घेतो, म्हणाला. खिडकीत मिठाच्या मैदानावरची, तिथली माया जाणणारी एक टिटवी बसली होती. तेवढ्याने भागणार नाही, असे तिने सांगितले. ज्याने शब्द बंद केला, त्यानेच काठावर उभे राहून तीन दिवस तीन दृश्यांना तो म्हणायचा. तिन्ही वेळा म्हटला तर सतरा जण परत येतील. पाऊल पुढे पडले, तर अठरावा पुतळा त्याचा.

"आणि दादा?" राजाने विचारले.

"तो तिथे कधी नव्हताच," टिटवी म्हणाली.

पहिल्या दिवशी सोन्याचे नगर दिसले. राजाने शब्द म्हटला. दुसऱ्या दिवशी धूम्रकेशाच्या उघड्या पेट्या दिसल्या, माणकांनी भरलेल्या. राजाने पुन्हा म्हटला.

"आज तर जांभई देत म्हणालात," साळूबाई म्हणाली. "उद्या बघू."

तिसऱ्या दिवशी सारंगदेव आला. लहानपणी ओढा ओलांडताना द्यायचा, तसा हात पुढे करून उभा राहिला.

"निंब्या, ये."

राजाचे एक पाऊल उचलले गेले.

साळूबाई शेजारीच होती. ती हळू म्हणाली, "पुढच्या महिन्यात माझी लेक सोळाची होईल."

राजाने पाऊल होते तिथेच परत ठेवले.

"दादा," तो म्हणाला. मग म्हणाला, "गंधर्वनगर."

शेला विरला, हात विरला, सगळ्यात शेवटी चेहरा विरला. मैदानात पुतळे तडकले आणि सतरा माणसे अंगावरचे मीठ झटकत काठाकडे आली. साळूबाईच्या लेकीने आधी पाणी मागितले.

राजाने नवी दवंडी पिटवली. शब्द मोकळा झाला. भर एवढीच पडली की पाहणाऱ्याने आधी एक श्वासभर पाहून घ्यावे, मग म्हणावे.

पुढे निंबदेव कधीकधी दुपारी स्वतः काठावर उभा राही. त्याचा श्वास इतरांपेक्षा जरा लांब असे. त्या राज्यात तो कोणी कधी मोजला नाही.