शिळेचा तिसरा भाग

बुरूडवाडीच्या डबक्याचं पाणी हिरवं पडलं होतं आणि ते पिऊन वाडीतली लेकरं एकामागून एक तापाने अंथरूण धरत होती. विहीर हवी होती, पण मागायची कशी? राजा वीरधवलाने दरबारात एक शिळा उभी केली होती. तिच्या पहिल्या भागात प्रजेचे हक्क होते. ते मोडले तर न्यायाधीशांकडे दाद मागता येई. दुसऱ्या भागात प्रजेची कर्तव्यं होती. तिसऱ्यात राजाने काय काय करावं ते होतं: गावोगाव शुद्ध पाणी, शाळा, वैद्य. त्याखाली मात्र कोरलं होतं, ‘या भागासाठी कोणी दाद मागू नये.’

वाडीतले जाणते लोक ती ओळ ऐकून परत आले होते. मग टोपल्या विणणारी धुरपा डबक्यातलं पाणी लोट्यात भरून दरबारात गेली आणि तिने विहीर मागितली.

लोकांना पेचात पकडायची राजाला भारी हौस. तो म्हणाला, तिसऱ्या भागाचं नाव न काढता न्यायाधीशांकडून विहीर मिळवून दाखव. नाव काढलंस, तर वाडीने वर्षभर राजवाड्याला फुकट टोपल्या द्यायच्या.

धुरपा कबूल झाली. न्यायाधीश त्र्यंबकशास्त्रींकडे वळून तिने सांगितलं, की माझी तक्रार पहिल्या भागाची आहे. तिथे प्रत्येकाला जगण्याचा हक्क दिलाय आणि वाडीत तोच मोडला जातोय.

वाडीवर कोणी तलवार उगारली का, असं शास्त्रींनी विचारलं.

धुरपाने लोटा पुढे केला. “घोटभर घेऊन बघा, शास्त्रीबुवा.”

शास्त्री नाक दाबून मागे सरले. तरी त्यांनी अडवलंच. जगणं म्हणजे शुद्ध पाणीही, असं कुठे लिहिलंय?

“ते सांगायची मला बंदी आहे,” धुरपा म्हणाली. “पण जगायला काय काय लागतं, हे महाराजांनीच कुठंतरी कोरून घेतलंय म्हणे.”

शास्त्रींची नजर शिळेवरून हळूहळू खाली घसरली. राजा ताडकन उठला. “तिसऱ्या भागासाठी दाद मागता येत नाही!”

“नाव तुम्ही काढलंत, महाराज, मी नाही. आणि दाद मागू नये असं कोरलंय. पहिल्या भागाचा अर्थ लावताना न्यायाधीशांनी तिसरा वाचू नये, असं कुठं कोरलंय?”

शास्त्रींनी शिळा वरपासून खालपर्यंत वाचली आणि विहीर खणण्याचा हुकूम दिला. राजा आधी लाल झाला, मग पोट धरधरून हसला. त्याने धुरपाला भरजरी लुगडं दिलं आणि हळूच विनवलं, की आता इतक्यात शिळेकडे फिरकू नकोस.

“बरं,” लुगडं खांद्यावर टाकत धुरपा म्हणाली. “पण वैद्य कधी पाठवताय?”