आबा खोतांची तपासणी

"मग खोट आहे तरी कुठे, बाई? दाखवा ना."

विक्रांतने हे आबा खोतांच्या खाटेपाशी उभं राहून विचारलं. आबांच्या अंगावरून, पलीकडे उभ्या असलेल्या रूथबाईंना.

रूथबाईंनी खोलीभर नजर फिरवली. त्या बसायला खुर्ची शोधत होत्या.

रूथबाई म्हणजे मिरजेतल्या इस्पितळाच्या जुन्या मेट्रन. निवृत्तीनंतर स्वस्थ बसवेना, म्हणून त्यांनी अंथरुणाला खिळलेल्यांची घरी जाऊन शुश्रूषा करणारी संस्था काढली. विक्रांत तिथला नवा तपासनीस. हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे विसरणं त्याला कधी जमलं नव्हतं. संस्थेच्या कामाची मानकं त्यानेच ठरवली होती. चांगली होती, खोटं कशाला बोला. त्यांच्यामुळे कितीतरी जणांच्या पाठी पडून पडून होणाऱ्या जखमांपासून वाचल्या होत्या.

आबा एसटीचे ड्रायव्हर होते. पक्षाघाताने उजवी बाजू गेली, वाचा गेली. आणि आता त्यांनी खाणंही सोडलं होतं. घास तोंडाशी आला की ओठ घट्ट मिटायचे. सोमवारपर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर सांगून गेले होते. तेव्हापासून आबांची बायको, अक्का, कोपऱ्यातल्या देवापुढून उठली नव्हती.

"बाई, दुसरं कोण तरी द्या की," अक्का म्हणाल्या. "ही पोरगी कामाला चोख हाय, पर ह्यांच्या पोटात घास जाईना."

आबांना सांभाळणारी रेश्मा आंबिलीची वाटी घेऊन दारात उभी होती. तिचा चेहरा पडला.

"रेश्माला बदलायचं काही कारण नाही," विक्रांत म्हणाला. "काल मी स्वतः तपासलंय. चादर, नखं, तोंडाची स्वच्छता, पाठ, टाचा... सगळं चोख. पेशंटनेच जगायचं नाही असं ठरवलं असेल, तर आपण तरी काय करणार?"

आबा छताकडे पाहत होते.

रूथबाईंना खुर्ची मिळाली. त्या आबांच्या डाव्या अंगाला बसल्या. आपला हात उताणा करून त्यांनी आबांच्या चांगल्या हाताखाली सरकवला, आणि तसाच ठेवला.

"रेश्मा, रोज भरवतेस तसं भरव."

रेश्मा आली. आबांच्या पाठीशी उशी लावून तिने त्यांना अलगद बसतं केलं. चमचा ओठांशी नेला.

"आ करा."

ओठ मिटले. आंबील हनुवटीवर ओघळली. रेश्माने लगेच मऊ फडक्याने पुसली.

"बघा," विक्रांत म्हणाला. "हिची काही चूक आहे का?"

"आता तू ये. काल तपासलंस तसं तपास."

विक्रांत पुढे झाला. आपलं काम करताना तो सुंदर दिसायचा. त्याने एका झटक्यात पांघरूण पायांवरून काढलं. टाच उचलली, अंगठ्याने दाबली, रंग पाहिला. दुसरी टाच. मग आबांचा खांदा धरून त्यांना कुशीवर घेतलं, सदरा वर केला, माकडहाड तपासलं, परत उशीला टेकवलं.

त्याचा हात कुठे अडखळला नाही. तो काही बोललाही नाही.

"झालं?" रूथबाईंनी विचारलं.

"झालं."

"काय दिसलं?"

"निर्दोष आहे, बाई. अंगावर कुठेही लाली नाही."

रूथबाईंनी आबांच्या हाताखालून आपला हात हळूच काढला. उजेडात धरला.

त्या म्हाताऱ्या हातावर आबांची चारही बोटं उमटली होती. लालभडक.

"ही बघ," त्या म्हणाल्या.

विक्रांतने पाहिलं. आबांच्या हाताकडे पाहिलं. मूठ अजून आवळलेलीच होती.

रेश्माने वाटी खाली ठेवली.

"बाई, मी त्यांना कधी वाकडं बोलले नाही हो," रेश्मा रडवेली होऊन म्हणाली. "कधी धसमुसळेपणा केला नाही."

"ठाऊक आहे."

"त्यांना काही कळत नाही, असं वाटलं..."

रूथबाई आबांकडे वळल्या. उभ्या राहिल्या नाहीत, खुर्चीच जरा पुढे ओढली. आता त्यांचा चेहरा आबांच्या चेहऱ्यासमोर होता.

"आबा, मी रूथ. तुमची पाठ अवघडली असेल. उशी सारखी करू का?"

आणि त्या थांबल्या.

बोलता न येणाऱ्या माणसाला प्रश्न विचारून त्या उत्तराची वाट पाहत बसल्या. विक्रांतला आधी हसू आलं, मग अवघडल्यासारखं झालं. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. वाटीतल्या आंबिलीवर साय धरली. विक्रांत खाकरला. रूथबाई हलल्या नाहीत. पुन्हा विचारलंही नाही.

...

आबांची नजर छतावरून खाली आली.

मूठ सुटली. एकेक बोट करून सुटली. मग तर्जनी उचलली गेली आणि खाटेच्या लोखंडी पट्टीवर आपटली. टक्... टक्.

अक्का एकदम उभ्या राहिल्या.

"बेल दिली! अवो बाई, बेल दिली ह्यांनी!"

"कसली बेल, काकू?" विक्रांतने विचारलं.

"अरं, कंडक्टर देतो ती! डबल बेल!" अक्का हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "जल्मभर डबल बेल मिळाल्याबिगर ह्यांनी गाडी हलवली न्हाई. साहेब बोंबलू दे, पाशिंजर बोंबलू दे. म्हणायचे, बेल न्हाई तर गाडी न्हाई."

रूथबाईंनी उशी सारखी केली. आबांनी डोळे मिटून श्वास सोडला.

रेश्मा आत गेली. आंबील कोमट करून आणली आणि आबांसमोर खाली बसली.

"आबा, आंबील आणलीय. ताक घातलंय. देऊ?"

आणि तीही थांबली. चमचा वाटीतच ठेवून.

टक्... टक्.

ओठ उघडले. घास आत गेला. आबांच्या गळ्याची घाटी वर झाली, खाली आली.

 इतकी घरं विक्रांतने तपासली होती, इतकी माणसं उलटीपालटी करून पाहिली होती. आज पहिल्यांदा त्याला वाटलं की इथे आपण चप्पल काढून आलो हे बरं झालं. कुणी न सांगता त्याचे हात जोडले गेले.

"बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "हे तुम्ही मला कालच का नाही सांगितलंत?"

"मला तरी कुठे माहीत होतं?"

रेश्मा विचारत होती, थांबत होती. लोखंडावर बोट वाजत होतं. वाटी हळूहळू रिकामी होत होती. अक्का देवाकडे पाठ करून आबांकडे पाहत बसल्या होत्या.

"पण मग दर घरी बेल वेगळी असणार," विक्रांत म्हणाला. "ती मानकांत बसवायची कशी?"

रूथबाई आपल्या हातावरच्या खुणा चोळत होत्या. 

विक्रांतची मान खाली गेली. आबांचे पाय उघडेच होते. मघाशी पांघरूण त्यानेच ओढून काढलं होतं, आणि परत घालायचं राहून गेलं होतं. त्याला फार लाज वाटली. तो लगबगीने वाकला, पायथ्याशी पडलेलं पांघरूण अगदी मायेने उचललं, आणि आबांच्या पायांवर घालायला गेला.

मागून रूथबाईंचा आवाज आला.

"बेल झाली?"