उलट्या वळणाचा फासा

घाटाच्या पायथ्याशी, जिथे बैलांचे तांडे विसाव्याला थांबत, तिथे फार पूर्वी एक बाजाराचे गाव होते. अलीकडचे लोक धान्य आणत, घाटापलीकडचे लोक लोकर आणि हिरडा आणत. सौदे उरकले की वडाखाली पट अंथरले जात आणि उन्हे उतरेपर्यंत सोंगट्यांचा खेळ चाले.

त्या गावात मल्लशेट नावाचा एक धान्याचा व्यापारी राहत असे. त्याला फासे जमवण्याचा नाद होता. त्याच्या माजघरात एक शिसवी कपाट होते. त्याला लहान लहान खण होते आणि प्रत्येक खणात एकेक फासा. हाडाचे, शिंगाचे, चंदनाचे, भाजक्या मातीचे. कुठला फासा कुठल्या मुलखातला, हे तो नुसत्या ठिपक्यांवरून सांगे.

घरी कोणी आले की तो एक फासा तळहातावर ठेवून म्हणे, "हे बघा. एकाच्या पाठीमागे सहा, दोनाच्या पाठीमागे पाच, तिनाच्या पाठीमागे चार. समोरासमोरची बेरीज नेहमी सात. ज्या फाशात ती जमत नाही, तो बनवणाऱ्यानं चुकून तरी बनवलेला असतो, नाहीतर मुद्दाम तरी."

मग तो फाशाचा एक कोपरा दाखवी. एक, दोन आणि तीन या तीन बाजू तिथे एकत्र येतात. "आता एकावरून दोनावर आणि दोनावरून तिनावर बोट फिरवा. आपल्याकडच्या फाशात बोट प्रदक्षिणेसारखं फिरतं. घाटापलीकडे ते उलटं फिरतं. त्यांचं वळण तसं, आपलं असं. पडायला दोन्ही सारखेच."

हे ज्ञान गावाच्या उपयोगी पडे. खेळात भांडण झाले की पाटील मल्लशेटला बोलावून घेई. मल्लशेट फाशाची बेरीज पाही. मग फाशाचे समोरासमोरचे दोन कोपरे चिमटीत हलकेच धरी. फाशाच्या पोटात शिसे भरलेले असले, तर जड बाजू आपोआप खाली वळे. तो "खरा" म्हणाला की खेळ पुढे चाले. तो "खोटा" म्हणाला की फाशाच्या मालकाला त्या बाजारात पुन्हा पाय ठेवता येत नसे, आणि तो फासा मल्लशेटच्या कपाटात जाई. खोट्या वस्तूला गावात दुसरीकडे जागा नको, म्हणून जुन्या लोकांनी घातलेला हा नियम होता. मल्लशेटने इतकी वर्षे कधी चुकीचा निवाडा दिला नव्हता.

एका बाजाराला घाटापलीकडून हैबती नावाचा घोंगडीवाला आला. त्याच्याजवळ काळ्या दगडाचा एक फासा होता. ठिपक्यांच्या जागी शिंपल्याचे बारीक तुकडे बसवलेले. मेंढरांमागे बसून त्याच्या आज्याने तो घडवला होता आणि पुष्कळ हातांतून फिरून त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. मल्लशेटने असा फासा कधी पाहिला नव्हता. त्याच्या कपाटात पलीकडच्या वळणाचे दोन-चार लाकडी फासे होते, पण दगडाचा एकही नव्हता.

"पाव्हणं, हा मला द्या," तो म्हणाला. "बदल्यात मागाल ते धान्य घ्या."

"नाही शेट, हा द्यायचा नाही."

"माझ्या कपाटातला कुठलाही फासा घ्या."

हैबती हसला. "तुमच्या फाशांत माझ्या आज्याचा हात आहे का? राहू द्या."

मल्लशेट परत आला. घरी त्याने कपाटातला एक खण रिकामा करून ठेवला. का केला, हे त्यालाही सांगता आले नसते.

त्याच दिवशी दुपारी वडाखाली आरडाओरडा झाला. रायाजी घोडेवाल्याने डावात आपले शिंगरू लावले होते आणि हैबतीने ते जिंकले होते. रायाजी रागीट होता. त्याने दगडी फासा उचलून चहूबाजूंनी फिरवला आणि ओरडला, "याचे आकडे उलटे फिरतात! बघा, एक, दोन, तीन, सगळं अपसव्य! म्हणूनच हा जिंकला!"

लोक जमले. पाटलाने मल्लशेटला बोलावले.

मल्लशेटने फासा हातात घेतला. बेरीज पाहिली. सगळीकडे सात. कोपरे चिमटीत धरले. फासा जागचा हलला नाही. दगड अगदी समतोल घडवला होता. वळण पलीकडचे होते, इतकेच. असे फासे आपल्या कपाटात आहेत, हेही त्याला ठाऊक होते.

त्याने तो लगेच परत केला नाही. शिंपल्याचे ठिपके अंगठ्याखाली थंड लागत होते.

"काय शेट?" पाटलाने विचारले. "खरा की खोटा?"

"वळण उलटं आहे," मल्लशेट म्हणाला.

"म्हणजे खोटा?"

हैबती त्याच्याकडे बघत होता. त्याला मुळीच काळजी वाटत नव्हती. फासे ओळखणारा माणूस समोर आहे, मग काळजी कसली, असे त्याला वाटत होते.

"खोटा," मल्लशेट म्हणाला.

हैबती एक पाऊल पुढे आला. मग म्हणाला, "शेट, तुम्ही सकाळी हाच फासा मागत होता."

पण तोवर गलका सुरू झाला होता. रायाजीने शिंगराचा कासरा ओढून घेतला. कोणीतरी घोंगड्यांचा गठ्ठा लाथेने उडवला. हैबतीने एकेक घोंगडी झटकून घडी केली, बैलावर लादली आणि तो घाट चढू लागला.

दगडी फासा रिकाम्या खणात गेला. त्या खणात तो अगदी नेमका बसला.

पुढच्या बाजाराला एक नवीच गोष्ट झाली. हरलेला माणूस आधी समोरच्याच्या फाशाचे वळण पाहू लागला. मल्लशेटने सांगितले होते ना, उलट्या वळणाचा तो खोटा! आता त्याला बोलावण्याचीही गरज उरली नाही. एका हिरडेवाल्याला हाकलले. एका म्हाताऱ्या मेंढपाळाला ढकलाढकलीत लागले. त्यांचे फासे मात्र नियमाप्रमाणे मल्लशेटच्या ओट्यावर येऊन पडत.

सुरुवातीला त्याला ते बरे वाटले. इतके निरनिराळे फासे त्याला जन्मात मिळाले नसते. तो ते पुसून, लावून ठेवत राहिला. मग कपाट भरले. मग टोपल्या आल्या. मग एक दिवस त्याने टोपली उघडलीच नाही. आत काय आहे ते त्याला माहीत होते. सगळ्यांची बेरीज सात असणार, आणि एकाच्याही पोटात शिसे नसणार.

घाटापलीकडची माणसे येईनाशी झाली. गावात घोंगडी मिळेना, हिरडा मिळेना. धान्याला तिकडचे गिऱ्हाईक उरले नाही. वडाखाली गावचेच लोक गावच्याच लोकांशी खेळत आणि तेही एकमेकांच्या हाताकडे संशयाने बघत.

मल्लशेटची बायको नीलव्वा घाटापलीकडची होती. लग्नात आईने दिलेला एक शिंगाचा फासा तिच्याजवळ होता. दुपारची कामे आटोपली की ती शेजारणींबरोबर ओसरीवर खेळत असे. एक दिवस एका शेजारणीने तिचा फासा उचलून बोट फिरवून पाहिले आणि पट गुंडाळला.

"काय झालं?" नीलव्वाने विचारले.

"काही नाही बाई. इतकी वर्षं तू का जिंकत होतीस, ते आज कळलं."

शेजारणी उठून गेल्या. नीलव्वा फासा घेऊन माजघरात आली. मल्लशेट कपाटासमोर बसला होता.

"अहो, हा बघा जरा."

"काय बघू? तुझाच फासा तो."

"नीट बघा. खरा आहे की खोटा?"

मल्लशेटने फासा हातात न घेताच सांगितले, "खरा आहे. शिंगाचा इतका चांगला फासा मी दुसरा पाहिला नाही."

"वळण उलटं आहे याचं."

"वळणानं काय होतं? तुमच्याकडचं वळणच तसं."

"मग त्या घोंगडीवाल्याचा फासा?"

मल्लशेट कपाटातले फासे पुसू लागला. नीलव्वा वाट बघत उभी राहिली. मग तिने खण शोधला, रिकामा मिळाला नाही, तेव्हा आपला फासा टोपलीत टाकला.

"अगं, हे काय करतेस?"

"गावाचा नियम आहे," ती म्हणाली. "तुम्हीच लावलात. मीही पलीकडचीच आहे. मला कधी हाकलायचं तेवढं सांगा." आणि ती चुलीकडे निघून गेली. ती रडली नाही. ती रडली असती तर मल्लशेटला समजूत तरी घालता आली असती.

दुसऱ्या दिवशी मल्लशेटने दगडी फासा कनवटीला लावला आणि कोणाला न सांगता घाट चढला. विचारत विचारत तो हैबतीच्या घरी पोचला. हैबती अंगणात लोकर पिंजत होता. अंगण विकल्या न गेलेल्या घोंगड्यांनी भरले होते.

मल्लशेटने फासा पुढे केला. "हा घ्या तुमचा. फासा खरा आहे. त्या दिवशी माझं चुकलं."

हैबतीने हात पुढे केला नाही. "चुकलं? शेट, तुम्हाला कळलं नव्हतं का?"

"कळलं होतं."

"मग चुकलं म्हणू नका."

मल्लशेटने मान खाली घातली. "फासा घ्या. त्याच्याबरोबर धान्यही पाठवतो. गावाला यातलं काही कळायला नको."

"फासा घरात ठेवून काय करू?" हैबती म्हणाला. "तुम्ही चारचौघांत त्याला खोटा म्हणालात. माझ्या आज्याला खोटा म्हणालात. आता इथे माझ्या एकट्याच्या कानात खरा म्हणता. जिथे खोटा म्हणालात, तिथे खरा म्हणा. मग मी घेईन."

"तसं केलं तर गावात माझ्या शब्दाला किंमत राहणार नाही."

"माझ्या शब्दाला आता कुठे आहे?" असे म्हणून हैबती पुन्हा लोकर पिंजू लागला.

घाट उतरताना मल्लशेट पुष्कळदा थांबला. फासा दरीत टाकून द्यावा, असे एकदा त्याच्या मनात आले. त्याने मूठ उघडलीही. मग मिटली आणि तो चालू लागला.

बाजाराच्या दिवशी त्याने सगळ्या टोपल्या वडाखाली नेऊन ठेवल्या. पाटील आला, रायाजी आला, शेजारणी आल्या. नीलव्वा मागे उभी राहिली.

मल्लशेट म्हणाला, "हे सगळे फासे खरे आहेत. वळण कुठलंही असो, फासा दोन्हीकडे सारखाच पडतो. हे मला पहिल्यापासून माहीत होतं. घोंगडीवाल्याचा फासा मला हवा होता. तो मागून मिळेना, म्हणून मी खोटा म्हणालो."

रायाजी म्हणाला, "म्हणजे मी चोर ठरलो की! शिंगरू त्याचं होतं!"

"होय," मल्लशेट म्हणाला.

पाटलाने निवाडा देण्याचे त्याचे काम काढून घेतले. फार कठोर शब्द वापरले नाहीत. नुसते म्हणाला, "यापुढे तुम्हाला बोलावणार नाही." लोकांनी टोपल्यांतले फासे निवडून ओळखीच्यांकडे घाटापलीकडे पाठवले. काहींचे मालक सापडले, काहींचे सापडले नाहीत. नीलव्वाने आपला फासा स्वतः वेचून घेतला. शेजारणी दोन-चार दिवस लाजल्या, मग पट घेऊन ओसरीवर आल्या.

हळूहळू पलीकडची माणसे पुन्हा उतरू लागली. एका बाजाराला हैबतीही आला. रायाजी स्वतःहून शिंगरू घेऊन त्याच्याकडे गेला. ते आता चांगले वाढले होते. हैबतीने त्याच्या मानेवरून हात फिरवला आणि ते बैलाशेजारी बांधले.

मग मल्लशेट पुढे झाला. सगळ्यांच्या देखत त्याने दगडी फासा हैबतीच्या हातात ठेवला. हैबतीने तो फिरवून पाहिला, पागोट्याच्या टोकात बांधला आणि घोंगड्या मांडायला बसला.

मल्लशेट तिथेच उभा राहिला. शेवटी त्याने विचारले, "मला माफ केलं ना?"

हैबतीने वर पाहिले. "शेट, गिऱ्हाईक खोळंबलंय," तो म्हणाला. "घोंगडी घ्यायची असेल तर बसा. नसेल तर जरा बाजूला व्हा."

मल्लशेट बाजूला झाला.

तात्पर्य: ज्याच्या शब्दावर लोक विसंबतात, त्याने न्याय करताना आधी स्वतःची हाव तपासावी. एकाच माणसासाठी बोललेले खोटे पुढे सगळ्यांसाठी नियम होऊन बसते, आणि ते मागे घेतले तरी ज्याचे नुकसान झाले त्याने क्षमा केलीच पाहिजे असे नाही.