जिराबाईचं झाकलेलं मडकं

फार वर्षांपूर्वी, सावरबोडीच्या तळ्याच्या पाळीवर चिंचेचं झाड अजून उगवायचं होतं त्या काळी, गावात जिराबाई नावाची ढिवरीण राहायची. पावसाळ्यात ती नाल्याच्या तोंडाशी मासे धरायची, हिवाळ्यात कमळाच्या पानांखाली, आणि उन्हाळ्यात चिखलाला कान लावून आत झोपलेली मरळ ओळखायची. असं म्हणतात, मरळ घोरते, आणि ते फक्त तिलाच ऐकू यायचं.

ढिवरांचा मुखिया पैकू याला हे काही पटेना. इतरांची जाळी कोरडी आणि हिची टोपली ओली? त्यातून ती भर दुपारी, सारं गाव घरात पडलेलं असताना, ओल्या फडक्याने झाकलेलं मडकं घेऊन तळ्यावरून घरी जायची. पैकूने एकदा विचारलंच.

"मडक्यात का हाय वो, काकी?"

"पाणी."

"अन् पाण्यात?"

"ओल."

पैकूचा संशय आणखी फुगला. कुणी म्हणे, ती मासे चोरून परगावी विकते. कुणी म्हणे, मडक्यात जलदेवता कोंडलीय. पैकूला दोन्ही एकदमच खरं वाटायचं.

मग एका वर्षी पाऊस आलाच नाही. तळं आटून थाळीएवढं डबकं उरलं. पुढच्या साली मासळी नसेल तर ढिवरांनी गाव सोडायचं, एवढंच बाकी होतं. अशात भर दुपारी जिराबाई मडकं घेऊन निघाली, तसा पैकू आडवा आला. त्याने फडकं ओढलं, मडकं हिसकलं, आणि ते भेगाळलेल्या जमिनीवर फुटलं.

आत मरळीची बोटभर पिल्लं होती. दर उन्हाळ्यात आटत्या पाण्यातली पिल्लं वेचून ती घरामागच्या झिऱ्यात, पाझराच्या खड्ड्यात, जगवायची, आणि तो झिराही पैकूनेच, चोरीचा माल शोधताना, सकाळी फोडून टाकला होता. आता पिल्लांना पाणी उरलं होतं ते डबक्यातलंच.

"आधी सांगायचं ना वो, काकी," पैकू कसाबसा म्हणाला.

"सांगितलं असतं तर तुम्हीच भाजून खाल्ली असती, बापा."

तिने तडफडती पिल्लं ओल्या पदरात घेतली आणि ती डबक्याच्या चिखलात उतरली. घोट्याएवढा चिखल तिच्या कमरेला लागला, मग गळ्याला. पैकू धावला, तर त्याच्या हाती नुसतं मडक्यावरचं फडकं उरलं. मरळ झोपते तशी ती चिखलात झोपली, असं म्हणतात.

पुढच्या पावसात तळं मरळीच्या तांबड्या पिल्लांच्या थव्यांनी लालेलाल झालं. त्यांच्यामागून एक भलीमोठी मरळ फिरायची. पैकू पाळीवर आला की ती पाण्याबाहेर डोकं काढून त्याच्याकडे टक लावून बघायची. तो मरेपर्यंत तिने त्याच्यावरची नजर काढली नाही.

आजही सावरबोडीत तळ्यावरून कुणी झाकलेलं मडकं घेऊन निघालं, तर त्याला आत काय आहे ते विचारत नाहीत. जिराबाईची आण आहे. पिल्लं असलेली मरळ जाळ्यात आली, तर ती पिल्लांसह अशाच मडक्यातून घरच्या झिऱ्यात जाते आणि पावसात तळ्यात परत येते.

आता दर मडक्यात पिल्लंच असतात का? कित्येक मडक्यांना रश्श्याचा वास येतो. पण विचारणार कोण? तळ्यातून ती बघतेय.