गाद्याचं माहेर

वेळशेतच्या बंदरात शिडाच्या होड्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. गावात चांगुणाआत्या नावाची सुईण होती. तिच्या हातून जन्मलेल्यांनी पुढे नातवंडं पाहिली, पण तिची स्वतःची कूस रिकामीच राहिली. पहिल्या बाळंतपणाला तिला माहेरी आणायला कुणी गेलंच नाही. सासरीच मूल दगावलं, आणि मग ती भावाकडे परत आली ती कायमची.

एका वर्षी पंधरा दिवस जाळ्यात काही सापडेना. चुली थंड पडल्या. अशात एका सकाळी किनाऱ्यावर ओढलेल्या रापणीच्या जाळ्यात भला मोठा गादा आला. शहरातले लोक त्याला डॉल्फिन म्हणतात; गाव तेव्हा मासाच म्हणत होतं. आत्याचा भाऊ राघो नाखवा कोयता घेऊन पुढे झाला.

आत्या गुडघाभर पाण्यात शिरली आणि सवयीनं गाद्याच्या पोटावरून हात फिरवू लागली. हात एका जागी थांबला.

"राघो, ही मासळी न्हाय. हिला बेंबी हाय."

"पाण्यात ऱ्हाते ती मासळीच की गं."

"मग कल्ले दाव मला. ही वर येऊन आपल्यागत श्वास घेते, पोराला अंगावर पाजते. आपल्याच गोतातली हाय. कवातरी हिची खापरपणजी जमिनीवरनं समुद्रात नांदायला गेली असंल. पोटुशी हाय रे ही. बाळंतपणाला माहेरी आलीय."

राघो घुटमळला. मागे उपाशी पोरं उभी होती.

आत्या हळूच म्हणाली, "मला कुणी आणलं नव्हतं."

राघोनं कोयता वाळूत टाकला.

असं म्हणतात, आत्या दुपारपर्यंत कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. पिल्लू शेपटीकडून आलं, आणि पहिल्या श्वासाला आत्यानंच त्याला वर उचललं. ते तान्ह्या मुलासारखं रडलं, आणि ऐकून गावातल्या बायांना पान्हा फुटला, असं म्हणतात. तिसऱ्या दिवशी गाद्यांच्या कळपानं मासळी किनाऱ्याकडे हाकत आणली. आत्या गेली तेव्हा बंदराच्या तोंडाशी गादे रांगेनं थांबले होते, असंही म्हणतात. खरं-खोटं समुद्राला ठाऊक.

आता होड्यांना इंजिनं आली, बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात होतात. हात फिरवून गोत ओळखणारी ती माणसं राहिली नाहीत, याचं वाईट वाटतं. पण वेळशेतात जाळ्यात गादा आला, तर आजही आधी एखादी बाई पुढे होते. त्याच्या पाठीवर ओलं लुगडं टाकते, हळदकुंकू लावते, आणि मग पुरुष जाळं सोडवतात.

आणि गावातली लेक पहिल्यांदा गरोदर राहिली, की तिला आणायला तिचा भाऊ स्वतः जातो, कितीही पाऊस असो. वाटेत कुणी विचारलं, तर तो बहिणीचं नाव घेत नाही. म्हणतो, "चांगुणाआत्याला आणायला चाललोय."